होनोरिनानंतरचं दार

एउतिमियोने काठीच्या टोकाने दार ढकललं आणि एकच बूट उंबऱ्याच्या आत टाकला. दुसरा बाहेर चिखलातच ठेवला. डोक्यावरची टोपी त्याने काढली नाही.

"आहेस ना, लाउदे?"

"नाही," लाउदेलिना चुलीजवळून म्हणाली. "परवाच गेले. बस, कॉफी घे."

एउतिमियो हसला नाही. एरवी तो स्वतःच्याच विनोदांवर गुडघे बडवून हसणारा माणूस.

"शेळ्या गल्लीत उभ्या आहेत. होनोरिनाच्या कोबीत घुसतील."

"घुसू देत. निदान ती बाहेर तरी येईल."

त्याने उंबऱ्यावरूनच स्वयंपाकघरावर नजर फिरवली. चूल पेटलेली होती. लाकडं रचलेली होती. लाउदेलिना उभी होती.

"औषध घेतलंस?"

"घेतलं."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि बूट मागे घेतला. गल्लीत त्याची शीळ वाजली, खुरांचा आवाज उताराकडे गेला. लाउदेलिनाने दुसऱ्या कपात ओतलेली कॉफी परत भांड्यात ओतली आणि भांडं चुलीच्या कडेला सरकवलं.

भेटायला आलेला माणूस टोपी काढतो. पाळीवर आलेला काढत नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. या हिवाळ्यात ते तिने स्वतःच पाहिलं होतं.

पाळीची पद्धत तेहेदाल गावात फार जुनी. हिवाळ्यात उघड्या राहणाऱ्या मोजक्या घरांच्या शेळ्या एकाच कळपात चरतात आणि घरं दाराला दार लागून पाळीने त्यांच्याबरोबर जातात. पाळी कुणाची हे काठी सांगते. ॲश झाडाची, खांद्याएवढी, हाताच्या जागी काळी पडलेली. ज्या घरात काठी, त्या घराने दुसऱ्या दिवशी कळप डोंगरावर न्यायचा आणि जाता जाता पाटाचं दार बघायचं. संध्याकाळी काठी पुढच्या घरी द्यायची. दिवसभर शेळ्यांमागे फिरलेल्या माणसाने ती पोचवायची नाही. तो दमलेला असतो. घरात दुसरं कुणी असेल तर त्याने जायचं आणि हातात हात भिडवून द्यायची. भिंतीला टेकवून ठेवलेली काठी कुणी घेत नाही.

लाउदेलिना शरदात दवाखान्यात होती तेव्हा तिच्या मुलाने तिच्या शेळ्या विकल्या. त्याने विचारलं होतं आणि ती गुंगीत हो म्हणाली होती. शेळी नाही तर पाळी नाही. तेव्हापासून काठी होनोरिनाच्या दारातून निघून तिच्या खिडकीपुढून जात असे, आणि थेट फ्रोइलानच्या घरी.

*

तिला पाळीत घालायचं ठरलं ते जानेवारीत, शाळेत. शाळेत मुलं नाहीत. महिन्यातल्या एका रविवारी तिथे गाव जमतं, इरियासाठी. इरिया समुद्राकाठच्या शहरातून आली ती चराईचा अभ्यास करायला, आणि मग इथेच, शाळेच्या वरच्या खोलीत राहिली. तिचा एक नियम होता. प्रश्न गावाने ठरवायचा, मोजमाप सगळ्यांनी मिळून करायचं. पहिल्या वर्षी गावाने विचारलं, शेळ्या कमी झाल्या तर वरची झुडपं किती वेगाने खाली उतरतात. उतारावर खुंट्या ठोकल्या गेल्या आणि ज्याची पाळी तो येता-जाता त्या बघू लागला. दुसऱ्या वर्षी पाट कुठे गळतो ते शोधलं. या वर्षी इरियाने फळ्यावर लिहिलं होतं: या गावात कशाकशाची काळजी घेतली जाते, आणि कोण घेतं?

लोक सांगत गेले. पाट. झऱ्यावरची दगडी कमान. अस्वल येऊ नये म्हणून मधाच्या पेट्यांभोवती बांधलेली भिंत. नदीकाठचं कुरण, ज्यातली पिवळी फुलं बी धरेपर्यंत कुणी गवताला विळा लावत नाही.

"आणि लाउदेलिना," मागच्या बाकावरून होनोरिना म्हणाली.

खडू थांबला.

"ती एकटी राहते. एकदा पडली आहे. तिची काळजी कोण घेतं ते लिही." होनोरिना बाकावरच्या एका जुन्या कोरलेल्या नावावरून नख फिरवत होती. "तिला पाळीत घाला. जो कळपाबरोबर जाईल त्याने परतताना तिचं दार उघडून बघावं."

"मी काय शेळी आहे का गं?" लाउदेलिना म्हणाली.

सगळे हसले, विनोदाच्या मानाने जरा जास्तच.

"असतीस तर बरं होतं मावशी," गावचा प्रमुख फ्रोइलान म्हणाला. "दूध तरी दिलं असतंस. हात वर करा बघू."

हात वर झाले. त्यांत आपलाही आहे हे लाउदेलिनाला थोड्या वेळाने दिसलं. इतक्या वर्षांची सवय. तिने तो खाली घेतला आणि मागे वळून पाहिलं, पण होनोरिना खाली बघत होती.

ही होनोरिना कितीतरी वर्षं रोज दुपारी विणकाम घेऊन लाउदेलिनाकडे येत आली होती. खिडकीखालच्या बाकावर बसायची, कारण तिथे उजेड चांगला. नवऱ्याच्या बहिरेपणाची गाऱ्हाणी सांगायची, टाके मोजताना गप्प व्हायची आणि चुकले की ते लाउदेलिनावर ढकलायची. "बोलायला लावतेस मला." लाउदेलिना दवाखान्यातून परत आली त्या दिवशी चूल पेटलेली होती, भांड्यात लसणाचं सूप होतं, आणि होनोरिना घरी निघून गेलेली होती. त्यानंतर ती आत आली नाही. गल्लीतून हात करायची. पाव भाजला की खिडकीच्या कठड्यावर फडक्यात गुंडाळून ठेवायची.

लाउदेलिनाला आधी वाटलं, थंडी. मग पाळी सुरू झाली आणि तिला वाटलं की आता कळलं. पाटाचं पाणी पाळीने मिळतं आणि दुसऱ्याच्या पाळीत पाटाला कुणी हात लावत नाही. तिच्याकडे जाण्याचंही तसंच झालं होतं. आज एउतिमियोचा दिवस, उद्या आणखी कुणाचा. मग आपण मध्ये कशाला, असं होनोरिनाला वाटत असणार.

होनोरिनाच्या घराचा दिवस आला की लाउदेलिना खिडकीची काच पुसत असे. पण कळपाबरोबर जाणार होनोरिनाचा नवरा आमाब्ले, म्हणजे दारात येणारही आमाब्लेच. तो गल्लीपासूनच ओरडत यायचा.

"कशी आहेस?"

"बरी आहे. होनोरिना कशी आहे?"

"छान, छान! थंडी आहेच! बरं, येतो!"

त्याला ऐकू येत नसे, म्हणून उत्तरंही तोच देऊन टाकायचा.

*

मार्चमध्ये इरिया आली. ती बूट बाहेर काढून मोज्यांवर आत यायची आणि कॉफी संपेपर्यंत कामाचं बोलायची नाही. कप ठेवल्यावर तिने टेबलावर एक मोठा कागद पसरला. त्यावर रंगीत ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक भेट, एक रंग म्हणजे एक घर.

"हे तू पडायच्या आधीचं, मावशी. हे आत्ताचं. आता एकही दिवस रिकामा नाही. दुसऱ्या खोऱ्यातली गावं विचारायला लागली आहेत, तुम्ही हे कसं केलंत म्हणून."

"छान दिसतंय," लाउदेलिना म्हणाली. "भरतकामासारखं."

इरियाने पेन्सिल उचलली, पण खूण कुठेच केली नाही. ती कागदाच्या डाव्या बाजूकडे बघत होती.

"आधी सगळं हिरवं आहे. हिरवा म्हणजे होनोरिना. आता हिरवा ठिपका येतो तो फक्त त्यांच्या पाळीला, आणि तो आमाब्लेचा. तुमचं दोघींचं भांडण झालंय का?"

"भांडायला ती आत यायला हवी ना."

इरियाने पेन्सिल खाली ठेवली. लाउदेलिनाने तिच्याकडे पाहिलं. पोरगी हुशार होती, पण लपवायला शिकलेली नव्हती; तिचे कान लाल झाले होते.

"तुला माहीत आहे."

"मावशी, तू मला जे सांगतेस ते मी दुसऱ्या घरात जाऊन सांगते का?"

"नाही."

"मग."

"म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे."

इरियाने कागदाची गुंडाळी करायला घेतली. ती वाकडी झाली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. "तिलाच विचार. तूच जा ना तिच्याकडे. पलीकडचं तर दार."

"ज्याच्या घरी कुणी येत नाही, त्याने दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं," लाउदेलिना म्हणाली, "याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, पोरी."

इरिया गेल्यावर ती बराच वेळ तशीच बसून राहिली. समोर खिडकीखालचा बाक होता. उजेड त्याच्यावरून सरकत भिंतीवर गेला. खिडकीबाहेरून कुणीतरी काठी घेऊन फ्रोइलानच्या घराकडे गेलं; काठीचं टोक दगडांवर वाजत गेलं. आवाजावरून कळलं, होनोरिना. तिच्या घराची पाळी आज संपली होती. ती काठी द्यायला चालली होती, हातात हात भिडवून, हिच्या दारावरून पुढे.

लाउदेलिना ताठ बसली.

पुढच्या खेपेला एउतिमियोने बूट आत टाकला तेव्हा ती त्याची वाटच बघत होती.

"ती शिंग मोडलेली म्हातारी शेळी तू कापणार आहेस म्हणे."

"आटली आहे. काय करू तिचं?"

"मला दे."

"तुला? मांस चावता येणार आहे का तुला?"

"जिवंत दे. कळपातच राहू दे, फक्त माझी म्हणून. शेळी कळपात असली की काठी दारात येते. नियम आहे की नाही?"

एउतिमियोने तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "नियम आहे. पण डोंगर काय खाली उतरून येणार आहे तुझ्यासाठी?"

"बदली माणूस देईन. तेही नियमातच आहे." ती थांबली. "आमांसियोचा विळा गोठ्यात टांगलेला आहे अजून. लांब दांड्याचा."

आमांसियो, तिचा नवरा, जिवंत असताना एउतिमियोने तो विळा तीनदा मागितला होता आणि तिन्ही वेळा भांडण होऊन परत गेला होता. आता तो दोन्ही पायांनी आत आला.

"धार आहे अजून?"

"बघ जाऊन."

तो गोठ्याकडे जाता जाता दारात वळला. "लाउदे, तू आम्हाला सगळ्यांना पुरून उरशील," असं म्हणाला, आणि लगेच जीभ चावल्यासारखा गप्प होऊन निघून गेला.

*

रविवारी शाळेत कुणाची हरकत निघाली नाही. बदली म्हणून इरियाच जाणार होती. तिला खुंट्या बघायला वर जायचंच होतं. "आयुष्यात पहिल्यांदा शेळ्या अभ्यासणार नाही, राखणार," असं ती म्हणाली, आणि एउतिमियोने तिला शीळ घालायला शिकवण्यात उरलेली सभा घालवली.

"म्हणजे पूर्वीसारखंच," फ्रोइलान म्हणाला. "काठी होनोरिनाकडून लाउदेलिना मावशीकडे, तिथून आमच्याकडे."

होनोरिना बाहीचा एक सुटलेला धागा ओढत होती. तो लांबत गेला तरी ती ओढत राहिली.

पाळी फिरत फिरत आमाब्लेपर्यंत आली. त्या संध्याकाळी तो कळप घेऊन खाली आला आणि गल्लीतून ओरडला, "उद्या तू! तयार आहेस ना? छान!" लाउदेलिनाने बाक पुसला. खिडकीजवळ दिवा लावला. क्विन्स फळाच्या आटवलेल्या वड्या कापून बशीत ठेवल्या, कॉफी चढवली, दोन कप काढले. मग दोन कप फार वाटले म्हणून एक आत ठेवला, आणि पुन्हा काढला.

पावलं आली. दारापाशी थांबली. थापेची वाट न बघता तिने दार उघडलं.

होनोरिना गल्लीत उभी होती. काठी तिने दोन्ही हातांनी, आडवी, शक्य तितकी पुढे धरली होती.

"घे."

"आत ये."

"दूध ठेवलंय चुलीवर."

"माझे गुडघे बघ. दोन पावलं तू ये."

होनोरिना एक पाऊल आली, उंबऱ्याला बूट लागेल इतकंच. ती लाउदेलिनाकडे बघत नव्हती. तिची नजर लाउदेलिनाच्या खांद्यावरून आत गेली होती आणि चूल व टेबलाचा पाय यांच्या मधल्या फरशीवर थांबली होती. लाउदेलिनाने वळून पाहिलं. तिथे काही नव्हतं. सकाळी पुसलेली फरशी.

त्या दिवसाचं तिला एवढंच आठवत होतं की फळीवरच्या मधाच्या बरणीला तिने हात लावला, आणि मग शहरातलं पांढरं छत. मधले तास दुसऱ्या कुणाकडे तरी होते. ते कुणाकडे आहेत हे सबंध हिवाळ्यात तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"तिथे पडले होते मी?"

होनोरिनाने मान डोलावली.

"आणि तू?"

"तिथेच. खाली, तुझ्याजवळ." काठी अजून दोघींच्या मध्ये होती. "हाक मारली. हलवलं. हात बर्फ झाला होता तुझा. तोंडापुढे आरसा धरून बघायचा असतो, ते मला सुचलंच नाही, लाउदे. मी तुझे डोळे मिटले."

"बरं."

"हनुवटी बांधली. माझ्या रुमालाने."

"आणि मग?"

"मग चर्चमध्ये गेले. घंटा वाजवली."

घंटा कुठली, हे विचारायची गरज नव्हती. गेलेल्या बायकांसाठी दोन-दोन ठोके, पुरुषांसाठी तीन-तीन. ते ऐकलं की तेहेदालमध्ये माणूस हातातलं ठेवून बाहेर येतो.

"एउतिमियो डोंगरावरून धावत खाली आला. फ्रोइलान, इरिया, सगळे. तुला खाटेवर ठेवायला वाकले, तर तू खोकलीस." होनोरिनाचा आवाज अगदी सपाट होता, जणू ती टाके मोजत होती. "तुला कुणी सांगायचं नाही असं ठरलं. जिवंत बाईची घंटा वाजवली मी. आता या दारात आले की मला कळत नाही, आत तू असशील की फरशीवरची ती."

चुलीवर कॉफी खदखदायला लागली. लाउदेलिनाने तिकडे पाहिलं नाही. तिने हात पुढे केला आणि काठी घेतली. होनोरिनाची बोटं होती तिथे ती ऊबदार होती.

"नीट वाजवलीस का?"

"काय?"

"घंटा. की घाईत उरकलीस? तुला ताल कधीच नव्हता."

होनोरिनाने पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. "नीट वाजवली," ती दुखावून म्हणाली. "दोराने हात सोलला तरी थांबले नाही. आमांसियोसाठी वाजवली होती त्याहून जास्त वेळ."

"त्याला राग येईल."

"येऊ दे."

लाउदेलिनाने कॉफी चुलीवरून उतरवली. खुंटीवरची शाल घेतली, वड्यांची बशी शालीच्या आत धरली, काठीवर भार देत उंबरा ओलांडला आणि दार ओढून घेतलं.

"कुठे निघालीस?"

"तुझं दूध उतू जाईल."

"दूध ठेवलेलं नाही मी."

"माहीत आहे."

गल्ली चढाची होती. होनोरिना आधी अर्धं पाऊल मागून चालत राहिली, मग बाजूला आली आणि तिने लाउदेलिनाच्या कोपराखाली हात घातला. खिडकीपाशी आल्यावर ती थांबली.

"दिवा राहिला आत."

"राहू दे."

दोघी खिडकीपुढे उभ्या राहिल्या. आत उजेड होता. टेबल दिसत होतं, चूल, दोन कप, रिकामा बाक, आणि खाली पार चुलीपर्यंतची फरशी. आत कुणी नव्हतं. दोघींनी ते नीट बघून घेतलं आणि मग त्या पुढे चालू लागल्या.